मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तयारी: जुन्नर-आंबेगावच्या रुग्णांसाठी आणि घरच्यांसाठी

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले नैसर्गिक भिंग गढूळ होणे. थेंब, गोळ्या, मध किंवा पथ्य यांपैकी कशानेही ते पुन्हा स्वच्छ होत नाही. ते काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवणे हाच उपाय आहे. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत ५० वर्षांवरील लोकांमधल्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व एकट्या मोतीबिंदूमुळे आढळले. ऑपरेशनने घालवता येते असे हे अंधत्व आहे. ऑपरेशन साधारण अर्ध्या तासाच्या आत होते. त्यामुळे घरचे लोक अनेकदा तयारीकडे दुर्लक्ष करतात. ऐनवेळी ऑपरेशन पुढे ढकलावे लागते ते बहुतेक वेळा तयारीतल्या त्रुटींमुळेच.

पिकण्याची वाट पाहू नका

"अजून मोतीबिंदू पिकला नाही" हे वाक्य आजही गावोगावी ऐकू येते. पूर्वीच्या पद्धतीत संपूर्ण भिंग काढत असत, तेव्हाची ती समजूत आहे. आता रोजच्या कामात अडचण येऊ लागली की ऑपरेशन करता येते: पैसे ओळखू येत नाहीत, एसटीची पाटी वाचता येत नाही, संध्याकाळी उंबऱ्याला ठेच लागते, समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याने काहीच दिसत नाही. फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो आणि ऑपरेशन अवघड जाते. कधी तो फुगून डोळ्याचा दाब एकदम वाढतो. अशा वेळी डोळा लाल होऊन असह्य दुखतो, उलट्या होतात आणि नजर कायमची जाऊ शकते.

आजोबांचे ऑपरेशन होते आणि आजीचे "पुढच्या वर्षी बघू" म्हणून राहते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. चुलीपुढे आणि गोठ्यात अंदाजाने वावरणाऱ्या बाईला कमी दिसते आहे, हे घरात कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ती सांगत नाही. तिचा एक-एक डोळा हाताने झाकून, समोर किती बोटे आहेत ते विचारून बघा.

थंडीतच ऑपरेशन करावे, या समजुतीलाही आता आधार नाही. विचार करायचा तो कामाचा. पश्चिम पट्ट्यात भाताच्या आवणीच्या तोंडावर ऑपरेशन केले, तर आठ दिवसांत माणूस पुन्हा चिखलात वाकलेला दिसतो. कांदा काढणी, मळणी, ऊसतोड यांचेही तसेच. धूळ, चिखल आणि जड ओझे यांपासून साधारण महिनाभर लांब राहता येईल अशी वेळ निवडा.

कुठे जायचे

नारायणगावचे मोहन ठुसे नेत्र रुग्णालय या दोन्ही तालुक्यांतल्या लोकांना परिचित आहे. ते उभारणारे डॉ. मनोहर डोळे यांना २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली. खेड्यापाड्यांत शिबिरे घेऊन तपासायचे आणि निवडलेल्या रुग्णांना ऑपरेशनसाठी आणायचे, ही पद्धत या भागाला चांगली माहीत आहे. सरकारी बाजूला राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. त्याखाली सरकारी आणि सहभागी संस्थांच्या रुग्णालयांत ऑपरेशन मोफत होते. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा, किंवा गावातल्या आशाताईंना पुढच्या शिबिराची तारीख विचारा. आधार कार्ड, रेशन कार्ड आणि जुने सगळे कागद एकाच पिशवीत ठेवा.

ऑपरेशनपूर्वीच्या तपासण्या

दृष्टी, डोळ्याचा दाब, पडद्याची तपासणी, रक्तातली साखर, रक्तदाब आणि गरजेप्रमाणे ईसीजी या नेहमीच्या तपासण्या. त्याशिवाय डोळ्याची लांबी आणि बुबुळाची गोलाई मोजून बसवायच्या भिंगाचा नंबर काढतात. हे माप चुकले तर चष्म्याचा नंबर जास्त राहतो, म्हणून मशीनसमोर सांगतील तसे स्थिर बसा.

नाकाजवळच्या कोपऱ्यातून सतत पाणी किंवा पू येत असेल, तर ते आधी सांगा. अश्रूंच्या पिशवीत जंतुसंसर्ग असताना डोळा उघडणे धोक्याचे, त्याचा उपचार आधी होतो. पायाची जखम, दातातला पू, अंगावरचे गळू हेही लपवू नका.

एक प्रश्न तुम्ही स्वतःहून विचारा: "पडदा आणि नस चांगली आहे का? किती दिसेल?" मधुमेहाने पडदा खराब झाला असेल किंवा काचबिंदूने नस सुकली असेल, तर ऑपरेशन उत्तम होऊनही नजर पूर्ण येत नाही. हे आधी माहीत असले तर नंतर डॉक्टरांवर आणि नशिबावर राग निघत नाही.

भिंगाबाबत थोडेसे. साधे एककेंद्री भिंग बहुतेकांना पुरते. लांबचे स्पष्ट दिसते आणि पोथी किंवा मोबाइल वाचायला जवळचा चष्मा लागतो. महागडे भिंग म्हणजे जास्त चांगले ऑपरेशन असे नव्हे, त्यासाठी कर्ज काढू नका.

चालू गोळ्या: इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो

सगळी पाकिटे घेऊन या, "पांढरी छोटी गोळी" एवढ्यावर भागत नाही. रक्त पातळ करणारी गोळी हृदयासाठी किंवा अर्धांगवायूनंतर चालू असेल, तर ती शेजाऱ्याच्या सल्ल्याने बंद करू नका. डोळ्यात थोडे रक्त येण्यापेक्षा हृदयविकाराचा झटका मोठा. बहुतेकांना ती बंद करावी लागत नाही, पण निर्णय डॉक्टर घेतील.

पुरुषांमध्ये लघवीच्या त्रासासाठी टॅमसुलोसिन नावाची गोळी सर्रास दिली जाते. तिच्यामुळे ऑपरेशनमध्ये बाहुली नीट मोठी होत नाही आणि बुबुळाचा पडदा लटलटतो. गोळी पूर्वी घेऊन सोडलेली असली तरी परिणाम राहू शकतो, म्हणून आठवून सांगा. आधी कळले तर सर्जन तशी तयारी ठेवतात.

रक्तदाबाची गोळी त्या दिवशी सकाळीही साधारणपणे घ्यायचीच असते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन मात्र त्या दिवशीच्या खाण्यावर ठरते. नाश्ता करून यायचे की उपाशीपोटी, हे आधीच स्पष्ट विचारून ठेवा. मधुमेही माणूस स्वतःच्या मनाने उपाशी येतो आणि टेबलावर घाम फुटून साखर उतरते, असे होऊ देऊ नका.

आदल्या दिवशी आणि त्या दिवशी

आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करा, कारण नंतर काही दिवस डोक्यावरून पाणी घेता येत नाही. चेहरा साबणाने धुवा. काजळ, सुरमा, कपाळावर तेल नको. लिहून दिलेले थेंब वेळेवर घाला.

ऑपरेशनच्या वेळी सरळ पाठीवर, न हलता पडून राहावे लागते. बिडी-मिसरीने खोकला असेल, दम लागत असेल किंवा उशीशिवाय झोपता येत नसेल, तर आधी सांगा. घरी दोन-तीनदा अर्धा तास तसे पडून बघा. कमी ऐकू येत असेल तर तेही सांगा. भूल फक्त डोळ्यापुरती असते, तुम्ही जागे असता. दुखत नाही, दाब आणि उजेड जाणवतो. कोणत्या डोळ्याचे ऑपरेशन आहे ते विचारल्यावर स्वतःच्या तोंडाने सांगा, नुसती मान डोलवू नका.

सोबत एक धडधाकट माणूस हवाच. आहुपे, भीमाशंकर किंवा नाणेघाटाकडच्या वाडीतून येत असाल, तर दुसऱ्या दिवशीच्या तपासणीसाठी रुग्णालयाजवळ मुक्काम करणे सोयीचे. पट्टी बांधलेल्या माणसाला शेवटच्या गाडीने उतरवून उसाच्या कडेने अंधारात चालवत नेणे बिबट्याच्या या मुलखात शहाणपणाचे नाही, आणि ठेच लागण्याची भीती तर कुठेही आहेच.

घरी कोण थेंब घालणार, ते ऑपरेशनपूर्वी ठरवा. थेंब चार ते सहा आठवडे चालतात आणि हळूहळू कमी करतात. सून किंवा नातू शाळा-कामाला जात असेल, तर दुपारचा थेंब चुकतो. थेंब घालणाऱ्याने आधी हात साबणाने धुवावेत, बाटलीचे टोक डोळ्याला लावू नये. भिंगाची माहिती असलेले कार्ड जपून ठेवा. चष्म्याचा पक्का नंबर महिना-दीड महिन्याने काढतात.

घरी गेल्यावर डोळा जास्त दुखू लागला, लाली वाढली, पू आला किंवा आलेली नजर पुन्हा अंधुक झाली, तर तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या रुग्णालयात या. डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग काही तासांतही नजर नेऊ शकतो. रुग्णालयाचा फोन नंबर घरातल्या दोन मोबाइलमध्ये आधीच घालून ठेवा.