विद्या, निर्वासन आणि पॅलेस्टिनी तरुण

पॅलेस्टिनी तरुणांचा विचार करताना आपली दृष्टी बहुधा दोनच चित्रांवर खिळते : हाती दगड घेतलेला मुलगा आणि छावणीतील अनाथ बालक. ही चित्रे खोटी नव्हेत. परंतु त्यांच्या आड दप्तर घेऊन शाळेची वाट चालणारा तरुण दिसेनासा होतो. दीर्घ संघर्षातील त्याचे जीवन समजून घेण्यास शिक्षणाचा इतिहास हे अधिक भरवशाचे साधन आहे, असे येथे प्रतिपादावयाचे आहे.

१९४८ च्या युद्धात सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी अरब निर्वासित झाले. शेतकरी बापापाशी मुलाला देण्यासारखी जमीन उरली नाही. मे १९५० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित-साहाय्य संस्थेने कार्यारंभ केला, आणि तिच्या शाळांतून मिळणाऱ्या प्रमाणपत्राने वारशाची जागा घेतली. त्याच्या बळावर अनेक तरुण कुवेत व इतर आखाती देशांत शिक्षक आणि अभियंते झाले. तथापि १९९०-९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास कुवेतमधील बहुतेक पॅलेस्टिनींना तो देशही सोडावा लागला. विद्या बरोबर नेता येते; निवारा नेता येत नाही, हा धडा तेथे मिळाला.

१९६७ पासून इस्रायलच्या लष्करी अमलाखाली आलेल्या पश्चिम किनाऱ्यावर निराळी वृत्ती बळावली. अरबीत तिला 'सुमूद' म्हणतात. भूमी न सोडता टिकून राहणे, हा तिचा आशय होय. बीरझैतसारखी विद्यापीठे उभी राहिली, तेव्हा शिक्षण हे बाहेर पडण्याचे साधन न राहता तेथेच राहण्याचे कारण ठरले. डिसेंबर १९८७ मध्ये पहिला उठाव झाला. विद्यापीठे ही अशांततेची केंद्रे आहेत, या भूमिकेतून लष्कराने जानेवारी १९८८ मध्ये बीरझैत बंद केले. ते एप्रिल १९९२ मध्ये उघडू लागले. मधल्या काळात घरोघरी वर्ग भरत.

१९९३ च्या ओस्लो कराराने जागविलेली आशा २००० च्या दुसऱ्या उठावात मावळली. २००६ नंतर २०२१ मध्ये योजिलेली संसदीय निवडणूकही पुढे ढकलली गेली. म्हणून एक संपूर्ण पिढी राष्ट्रीय मतदानावाचून प्रौढ झाली. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने केलेल्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली गेली. त्यानंतरच्या युद्धात गाझातील सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांच्या शाळा थांबल्या आणि विद्यापीठांच्या इमारती उद्ध्वस्त झाल्या. तरीही तंबूंतून धडे सुरू झाले.

या इतिहासात निघून जाण्याची आणि टिकून राहण्याची ओढ एकाच घरात, पुष्कळदा एकाच मनात, नांदताना दिसते. पहिलीस पलायन व दुसरीस पराक्रम म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु दोहोंच्या मुळाशी मागणी एकच आहे : आपल्या उद्याचा निर्णय आपल्या हाती असावा. संघर्षाच्या अभ्यासकाने प्रथम ती ऐकली पाहिजे.