पॅरासिटामॉलची पावडर : कंपनीत कशी हाताळावी, कशी साठवावी आणि घरी का आणू नये

आंबी (ता. मावळ) : आंबी, वराळे, मंगरूळ, नवलाख उंबरे, इंदोरी या गावांतली बरीच तरुण मंडळी तळेगाव एमआयडीसीत शिफ्टला जाते. कंत्राटी कामगाराला तर आज एक काम, उद्या दुसरं. कुणी पॅकिंगला, कुणी गोदामात, कुणी माल उतरवायला. औषधाच्या पावडरचे ड्रम हाताळायची वेळ आली की बऱ्याचदा ऐकू येतं, ‘अरे, ही तर तापाचीच गोळी, हिला काय घाबरायचं?’ आणि मास्क हनुवटीखाली जातो. गोळी ओळखीची असली तरी तिची पावडर वेगळ्या पद्धतीनेच हाताळावी लागते. ती का आणि कशी, याची माहिती खाली दिली आहे.

गोळी आणि पावडर यांत फरक काय?

ताप आणि अंगदुखीवर घेतल्या जाणाऱ्या साध्या गोळीत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. गोळी मोजून बनवलेली असते, पावडरला असं माप नसतं. २५ किलोच्या एका ड्रममध्ये तब्बल ५० हजार गोळ्यांचं औषध असतं.

मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या. दारू पिणारे, लिव्हरचा त्रास असलेले किंवा वजन खूप कमी असलेले यांना तेवढीही चालत नाही. चहाच्या एका चमच्यात साधारण २ ग्रॅम पावडर बसते, शिगोशिग भरला तर आणखी जास्त. १० किलो वजनाच्या लहान मुलाला दीड-दोन ग्रॅमही धोक्याचे ठरू शकतात. म्हणजे मोठ्याला जो ‘एक चमचा’ वाटतो, तो लेकराच्या जिवावर बेतू शकतो.

हाताळताना घ्यायची काळजी

पॅरासिटामॉलची पावडर पांढरी, बिनवासाची आणि चवीला कडू असते. धूळ नाकात गेली की शिंका, खोकला, घशात खवखव होते. डोळ्यांची आग होते, काहींच्या कातडीला खाज सुटते. दम्याचा त्रास असणाऱ्याने किंवा वेदनाशामक गोळीची ॲलर्जी असणाऱ्याने कामाला लागण्याआधीच सुपरवायझरला सांगावं.

- कंपनीने दिलेला एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क नाकावर घट्ट बसवा. रुमाल किंवा कापडी मास्क बारीक धूळ अडवत नाही. दाढी वाढलेली असेल तर मास्कच्या कडेने हवा आत शिरते.
- हातमोजे, बंद गॉगल आणि पूर्ण बाह्यांचा गणवेश वापरा.
- ड्रम उंचावरून ओतू नका. स्कूपने सावकाश काढा. धूळ ओढणारा पंखा सुरू असल्याची खात्री करूनच पिशवी उघडा.
- तंबाखू मळण्याआधी, मिश्री लावण्याआधी, बिडी किंवा चहा घेण्याआधी साबणाने हात धुवा. तळहातावरची पावडर तंबाखूबरोबर थेट तोंडात जाते. खरं तर कामाच्या जागी तंबाखू न्यायचीच नाही, हा नियम चांगला.
- कामाचे कपडे कंपनीतच बदला. तेच कपडे घालून घरी गेलं आणि लेकराला उचललं की धूळही घरात येते.

धूळ पेट घेऊ शकते

ही बाब अनेकांना माहीत नसते. बारीक, कोरडी पावडर हवेत दाट पसरली आणि त्या बंद जागेत ठिणगी पडली, तर स्फोट होऊ शकतो. पिठाच्या आणि साखरेच्या कारखान्यांतही असे स्फोट झाले आहेत. ठिणगी वेल्डिंगची असू शकते, उघड्या वायरची असू शकते, नाहीतर पावडर ओतताना तयार झालेल्या स्थिर विजेची.

३० जून २०२५ रोजी तेलंगणातल्या पाशमैलारम औद्योगिक वसाहतीत औषधी गोळ्यांमध्ये वापरली जाणारी सेल्युलोज पावडर बनवणाऱ्या कारखान्यात भीषण स्फोट झाला. ४० हून अधिक कामगार दगावले. ती पावडर पॅरासिटामॉलची नव्हती, पण ‘पावडरच तर आहे’ हा समज किती महागात पडू शकतो, हे त्यातून दिसलं.

म्हणून यंत्राला आणि लोखंडी भांड्याला लावलेली अर्थिंगची क्लिप काढू नये. हवेच्या पाइपने धूळ उडवून साफसफाई करू नये. खांबांवर, ट्यूबलाइटवर, पत्र्याखालच्या अँगलवर थर साचू देऊ नये. जवळपास वेल्डिंग किंवा कटिंग करायचं असेल तर आधी जागा साफ आणि लेखी परवानगी, मगच काम.

साठवण : मावळचा पाऊस ध्यानात ठेवा

पॅरासिटामॉल कोरडं असेल तर बराच काळ टिकतं. ओल मात्र त्याची वैरी. ओलसर राहिल्यास ते हळूहळू विघटित होतं आणि पॅरा-अमिनोफिनॉल नावाचा घातक पदार्थ तयार होऊ शकतो. पांढऱ्या पावडरीवर गुलाबी किंवा तपकिरी छटा दिसली, गुठळ्या झाल्या, तर ती वापरायची नाही. बाजूला ठेवून क्वालिटी विभागाला कळवायचं.

- गोदाम कोरडं, हवेशीर आणि ३० अंश सेल्सिअसखाली असावं. थेट ऊन येऊ नये.
- ड्रम जमिनीवर नव्हे, पॅलेटवर आणि भिंतीपासून थोडे लांब ठेवावेत. जून ते सप्टेंबर भिंती पाझरतात, जमिनीला ओल सुटते.
- आतल्या प्लॅस्टिक पिशवीचं तोंड बांधूनच ड्रमचं झाकण लावावं. अर्धा वापरलेला ड्रम उघडा ठेवू नये.
- नाव, बॅच नंबर, वजन आणि मुदतीची तारीख असलेलं लेबल फाडू नये. ज्याची मुदत आधी संपते, तो माल आधी बाहेर काढावा.
- तपासणी बाकी असलेला, मंजूर झालेला आणि नाकारलेला माल वेगवेगळा ठेवावा. बहुतेक ठिकाणी त्यासाठी पिवळी, हिरवी आणि लाल लेबलं असतात.
- ॲसिड, सॉल्व्हंट, कीटकनाशक किंवा खाण्याच्या वस्तू त्याच खोलीत नकोत.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक पावडरींनाही हेच नियम लागू होतात. आयबुप्रोफेन ७५ ते ७८ अंशांनाच वितळतं, त्यामुळे ते दळताना यंत्र तापू देऊ नये. गरोदर महिलांनी अशा पावडरीजवळच्या कामाबाबत आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

सांडली तर

आधी मास्क लावा, मग जवळ जा. झाडूने जोरात झाडू नका. कंपनीच्या औद्योगिक व्हॅक्यूमने ओढून घ्या, नाहीतर ओल्या फडक्याने हळूच गोळा करा. गोळा केलेली पावडर पुन्हा ड्रममध्ये टाकायची नाही आणि गटारात धुवायचीही नाही. इथलं गटार, ओढा शेवटी इंद्रायणीलाच मिळतो. ती कचऱ्याच्या बंद पिशवीत भरून लेबल लावून सुपरवायझरकडे द्यावी.

घरी काहीच आणू नका

पुडीत बांधून आणलेली पावडर पिठीसाखर किंवा खाण्याच्या सोड्यासारखी दिसते. आजीने चमचा भरला, पोराने बोट घातलं, असं व्हायला वेळ लागत नाही. ताप आला तर दुकानातली सीलबंद गोळी दोन-तीन रुपयांत मिळते, सरकारी दवाखान्यातही मिळते.

रिकामे ड्रम आणि पिशव्यांचंही तसंच. भंगारातून स्वस्तात मिळालेला ड्रम पिण्याच्या पाण्याला, धान्याला किंवा जनावरांच्या खाद्याला वापरू नये. धुतला तरी आधी आत काय होतं, हे कळत नाही.

जनावरांना माणसांची वेदनाशामक औषधं देऊ नयेत. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावराचं मढं खाऊन गिधाडं मोठ्या संख्येने मेली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. मांजराला तर पॅरासिटामॉलचा छोटा डोसही जीवघेणा ठरतो.

पोटात किंवा डोळ्यात गेली तर

- डोळ्यात : चोळू नका. स्वच्छ वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटं धुवा.
- अंगावर : कपडे बदला, साबण-पाण्याने धुवा.
- श्वासात : मोकळ्या हवेत बसवा. दम लागत असेल तर दवाखाना.
- पोटात : उलटी काढू नका, मिठाचं पाणी पाजू नका. पावडर किती गेली, किती वाजता गेली हे लिहून ठेवा आणि लेबलचा फोटो घेऊन ताबडतोब रुग्णालयात जा.

इथेच लोक फसतात. जास्त पॅरासिटामॉल पोटात गेल्यावर पहिल्या दिवशी थोडी मळमळ होते किंवा काहीच होत नाही. माणूस चालता-बोलता असतो. लिव्हर मात्र आतून खराब होत जातं आणि दोन-तीन दिवसांनी कावीळ दिसते, तेव्हा उशीर झालेला असतो. यावर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे. तो ८ तासांच्या आत मिळाला तर सर्वांत जास्त उपयोगी पडतो. म्हणून ‘बरं वाटतंय, सकाळी बघू’ असं म्हणू नका.

रुग्णवाहिकेसाठी १०८, आगीसाठी १०१, इतर तातडीच्या मदतीसाठी ११२. दिल्लीतल्या एम्सच्या विषबाधा माहिती केंद्राचा टोल फ्री क्रमांक १८०० ११६ ११७.

विचारणं हा हक्क आहे

प्रत्येक रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक कंपनीकडे असतं. कामगार त्याला ‘एमएसडीएस’ म्हणून ओळखतात. ते मराठीत समजावून सांगा, असं कायम आणि कंत्राटी दोन्ही कामगार म्हणू शकतात. मास्क, हातमोजे पुरवणं ही मालकाची जबाबदारी आहे, त्याचे पैसे पगारातून कापायचे नसतात. सुरक्षेबाबत तक्रार असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या पुणे कार्यालयाकडे करता येते. कंपनीबाहेर औषधाची सुटी पावडर विकली जात असल्याचं दिसलं, तर अन्न व औषध प्रशासनाला कळवावं.

नव्या कामाच्या पहिल्याच दिवशी चार गोष्टी विचारून घ्या : ड्रममध्ये काय आहे, मास्क कोणता वापरायचा, डोळे धुवायचा नळ कुठे आहे आणि आग लागली तर बाहेर पडायचं दार कोणतं. विचारायला दोन मिनिटंही लागत नाहीत.