पाळीवरचा देव

आबाजी देवाला ‘तो’ म्हणत. ऐकणाऱ्याला वाटावं, शेजारच्या धानाच्या बांधीत उभ्या असलेल्या कुणाबद्दल चाललंय. लाखांदूरकडच्या आमच्या गावात देवळापेक्षा तलावाच्या पाळीवरचा शेंदूर माखलेला दगड थोर. पाऊस दडी मारून बसला आणि तलाव उतरू लागला की गाव त्या दगडासमोर जमे.

“देव काई पानी पाडत नाई गा,” आबाजी सांगत. “पन तो पुढं बसला का मांगं कोनी आगाव होत नाई.”

पाळीच्या पोटात तुडूम असतो. दगडी बांधणीत एकाखाली एक भोकं, भोकांत लाकडी खुंट्या. पाणी उतरेल तशी खालची खुंटी काढायची. एरवी ते पाणकराचं काम. पण धान निसवायला आला असताना पाणी पुरेना झालं, तर एकट्या पाणकराचं कोण ऐकणार! अशा वर्षी दगडावर हात ठेवून पाण्याची बारी ठरे. टोकाच्या बांध्या आधी की पाळीजवळच्या, कुणाचा जड धान वाचवायचा आणि कुणाचा सोडून द्यायचा. आपला धान गेला तरी हात ठेवलेला माणूस रात्री खुंटीला हात लावत नसे. देवाची स्वतःची बांधी नव्हती, म्हणून त्याचा निवाडा चाले, असं मला वाटतं.

छप्पनचा दुष्काळ आबाजींनी त्यांच्या वडलांकडून ऐकलेला. संवत 1956, म्हणजे 1899-1900. तीनच वर्षांपूर्वी, 1896-97 मध्ये, मध्य प्रांत एका दुष्काळातून निघाला होता, अंगावर मांस चढलं नव्हतं तोच हा दुसरा. लोकांनी मोहफुलं उकडून खाल्ली, जंगलातले कंद खणले. पण बियाण्याची ढोली देवाच्या नावानं शेणामातीनं लिंपून ठेवली होती. घरात लेकरं रडत असताना ती कुणी फोडली नाही, हे सांगताना आबाजींचा आवाज चढे. पुढच्या मृगात त्याच धानाचे परे टाकले.

या भागातल्या तलावांची कीर्ती कोहळी समाजाची. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटलानं बांधला आणि भोवतीच्या डोंगरांवरच्या सात बहिणींनी त्याला हात दिला, अशी कथा आहे. कोलू पाटलाचा पुढे कोलासूर देव झाला. 1 मे 1999 ला तो तलाव गोंदिया जिल्ह्यात गेला, पण आमच्याकडची म्हातारी माणसं अजून त्याला भंडाऱ्याचाच धरतात. आधी माती वाहणारा, मग देव, हा क्रम मला आवडतो.

एक गोष्ट आबाजी खालच्या आवाजात सांगत. बारी ठरवायला गाव दगडासमोर बसे, तेव्हा महारवाड्यातली माणसं पाळीखाली बसत. दगडाला हात लावायची त्यांना मुभा नव्हती, बारी मात्र पाळावी लागे. बिनबांधीचा देवही कुणाच्या बाजूला बसवला होता, ते यातून कळतं. 1954 च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब भंडाऱ्यातून उभे राहिले आणि हरले. पुढे 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली, आणि आमच्या गावातल्या त्या वस्तीनं दगडाकडे पाठ फिरवली. “त्याईले त्याईचा पुढारी भेटला,” आबाजी म्हणत. त्यात राग नसे, थोडा हेवा असावा.

मालगुजारांची जमीनदारी 1951 मध्ये गेली, त्यांचे तलाव सरकारजमा झाले. दगडावर आता टाइल्स बसल्या आहेत. मागे एका वर्षी पाऊस ऐन निसवणीत उघडला, तेव्हा आधी कचेरीत अर्ज गेले, मग चार म्हातारे पाळीवर जमले. त्यांत बौद्ध वस्तीतले एक आजोबाही होते, आणि ते दगडाशेजारीच बसले. हात कुणी कशावर ठेवला नाही. बारी ठरली, कागदावर सह्या झाल्या. तिसऱ्या रात्री पाळीच्या दोन्ही अंगांना डिझेलचे पंप सुरू झाले, आणि त्यातला एक आमच्याच चुलत्याचा होता.