बैरुतच्या पाक्षिकातील प्रेमकथा

अरबी कादंबरीचा इतिहास पुष्कळदा १९१३ साली कैरोत निघालेल्या ‘झैनब’पासून सांगितला जातो, आणि त्यापूर्वीच्या अर्धशतकातील प्रेमकथांची बाळबोध, योगायोगांनी भरलेल्या अशा शब्दांत बोळवण केली जाते. हा निवाडा अन्यायाचा आहे, कारण त्या कथा शिक्षकांच्या हातून घडल्या आणि दुभंगलेल्या समाजाला एकत्र वाचायला बसवणे हे त्यांचे काम होते.

१८६० मध्ये लेबनॉनच्या डोंगराळ मुलखात द्रूझ आणि मारोनी ख्रिस्ती या पंथांत यादवी माजली, पाठोपाठ दमास्कसमध्ये ख्रिस्ती वस्तीची कत्तल झाली, आणि निर्वासितांचे लोंढे बैरुतेत येऊन थडकले. त्या धामधुमीत बैरुतचे शिक्षक-लेखक बुत्रुस अल-बुस्तानी यांनी ‘नफीर सूरिया’ ही अकरा पत्रके काढून पंथाहून वतन मोठे हा विचार मांडला, आणि १८६३ मध्ये बैरुतेत ‘अल-मद्रसा अल-वतनिया’, म्हणजे राष्ट्रीय शाळा, उघडली. तिची दारे सर्व पंथांच्या मुलांना खुली होती. वर्गात जे शिकवायचे तेच वर्गाबाहेरच्या वाचकांपर्यंत नेण्यासाठी छापखाना हाताशी होता, आणि १८७०च्या जानेवारीत ‘अल-जिनान’ (बागा) हे पाक्षिक सुरू झाले.

पाक्षिकाचा बराचसा भार बुत्रुस यांचे पुत्र सलीम यांनी उचलला. तेही याच शाळेत शिकवत. सुधारणेवरील लेख, राजकीय घडामोडी, इतिहास आणि विज्ञान या मजकुराच्या जोडीला कादंबरीचे प्रकरण आणि शेवटी चुटके, अशी अंकाची साधारण मांडणी असे, त्यामुळे व्यापाऱ्याच्या घरात राजकीय घडामोडींपायी घेतलेला अंक कथेपायी बायकामुलांच्याही हाती जाणे स्वाभाविक होते. पहिली कादंबरी ‘अल-हुयाम फी जिनान अश-शाम’ (शामच्या, म्हणजे सीरियाच्या, बागांतील प्रेमवेड) त्याच वर्षी क्रमशः आली. तिच्यातील सुलैमान आणि वर्दा यांची ताटातूट होते, बदावी टोळ्यांच्या हल्ल्यांनी कथा वळणे घेते, आणि प्रकरण ऐन संकटात थांबून उरलेला भाग पुढे येईल असे वाचकाला सांगते.

प्रेम हा विषय अरबीला नवा नव्हता. लैला-मजनूची कथा शतकानुशतके सांगितली जात होती, आणि तिच्यात घराण्याच्या नकारापुढे प्रेमिकांना वियोग आणि मृत्यू एवढेच उरत होते. सलीम यांनी हाच नकार ‘अस्मा’ (१८७३), ‘बिन्त अल-अस्र’ (१८७५) यांसारख्या कादंबऱ्यांत बैरुतच्या दिवाणखान्यात आणला, जिथे मुलीची संमती घ्यायची की नाही, तिला किती शिकवायचे, आणि युरोपीय पोशाखाचे अनुकरण कुठवर करायचे, हे प्रश्न खरोखरीच पेटले होते. भाषाही त्यांनी त्यासाठी मोकळी केली. राष्ट्रीय शाळेतच शिकवणारे नासिफ अल-याझिजी हे मकामा या जुन्या प्रकाराचे, म्हणजे यमकबद्ध गद्यातील चातुर्यकथांचे, मोठे लेखक होते, परंतु सलीम यांनी तो डौल बाजूला ठेवून वृत्तपत्री गद्य पत्करले. पुढच्या टीकाकारांना त्यात ढिलाई दिसली. वस्तुतः नव्याने वाचू लागलेल्या माणसाला सोबत घेण्याची ती जाणीवपूर्वक केलेली निवड होती.

सलीम १८८४ मध्ये वारले आणि १८८६ मध्ये ‘अल-जिनान’ बंद पडले. ऑटोमन सेन्सॉरच्या जाचामुळे बैरुतचे अनेक लेखक-संपादक कैरोला गेले. बैरुतहूनच कैरोला आलेल्या जुर्जी झैदान यांनी १८९२ मध्ये ‘अल-हिलाल’ हे नियतकालिक काढून इस्लामी इतिहास प्रेमकथेच्या धाग्यात ओवला आणि इतिहास शिकवणे हाच आपला हेतू असल्याचे उघड सांगितले. तरीही कादंबरीलेखनाला प्रतिष्ठा नव्हतीच. ‘झैनब’चे लेखक मुहम्मद हुसैन हैकल यांनी पहिल्या आवृत्तीवर ‘एक मिसरी शेतकरी’ एवढेच छापले, आणि त्यांचे नाव मुखपृष्ठावर यायला १९२९ उजाडले.