धार की धुके?

गेल्या 14 एप्रिलला नगरपालिकेचा बंब आमच्या शाळेच्या पटांगणात आला होता. एका जवानाने ब्रँच हाती धरून पाण्याची सरळ धार पिंपळाच्या शेंड्यापर्यंत नेली. मग टोक जरा फिरवले आणि त्याच पाण्याचे धुके झाले. मुलांनी टाळ्या पिटल्या. सातवीतल्या एका मुलीने विचारले, “गुरुजी, आगीवर यातले कोणते मारायचे?” मला उत्तर येईना. अखेर वाचनालय गाठले.

तेथे लॉइड लेमन या गृहस्थाची ओळख झाली. हा अमेरिकेतील पार्कर्सबर्ग गावच्या अग्निशामक दलाचा प्रमुख. दुसऱ्या महायुद्धात त्याने तटरक्षक दलाच्या शाळेत जहाजांतील आगींवर प्रयोग केले आणि 1950 साली आपल्या व्यवसायबंधूंपुढे त्यांचे सार मांडले. सरळ धार लांब जाते, निखाऱ्याच्या पोटात शिरते. पण तिचे पुष्कळसे पाणी नुसतेच वाहून जाते. तेच पाणी बारीक तुषारांत फोडले की झपाट्याने उष्णता शोषते आणि त्याची वाफ होते. एका लिटर पाण्याची वाफ सुमारे 1,700 लिटर जागा व्यापते. बंद खोलीत ही वाफच आगीला गुदमरवते. मात्र आत माणूस अडकला असेल, तर तीच वाफ त्याला भाजून काढते. म्हणून ब्रँच फिरवण्यापूर्वी दोन गोष्टी कळाव्या लागतात : आग नेमकी कुठे आहे, आणि तिच्याजवळ काय आहे.

येथे मला मुंबईची गोदी आठवली. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या पोटात कापसाच्या गाठी पेटल्या. त्याच पोटात स्फोटके होती. जवानांनी 900 टनांहून अधिक पाणी आत सोडले. पण दाट धुरात आगीचे मूळ सापडेना. जे दिसतच नाही, त्यावर नेम कसा धरावा? लेमनचे भाषण तेव्हा सहा वर्षे दूर होते. ते आधी झाले असते तर गोदी वाचली असती, असे मात्र मी म्हणणार नाही. आगीजवळ काय आहे हे दलाला कळले होते, तरी त्यांच्या हातचे होज सुटले नाहीत. दुपारी 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला. दलाचे 66 जण गेले.

शाळेत परतल्यावर त्या मुलीला मी धार आणि धुके यांतला फरक सांगितला. आणि हेही सांगितले की, 14 एप्रिलला बंब आपल्या दारी येतो तो टाळ्यांसाठी नव्हे, त्या 66 जणांच्या स्मरणासाठी.