हादरा कोणाच्या वाट्याला?

माझ्या वडिलांची एक लांबट वही माझ्याकडे आहे. ते यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयात जीपचालक होते. वहीत रोजची तारीख, गाव, किलोमीटर, इंधन आणि शेवटच्या रकान्यात दुरुस्ती असे सारे ओळीने लिहिलेले आहे. ते गेल्यानंतर बरीच वर्षे मी ती नुसती जपून ठेवली होती. जिल्ह्यातल्या वाहनांच्या जुन्या नोंदी गोळा करू लागलो, तेव्हा ती पहिल्यांदा नीट वाचली. एक गोष्ट खटकली. ‘पाटा तुटला’ ही नोंद वहीत पुन्हा पुन्हा येते, पण पावसाळ्यात फारशी नाही. ती येते फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत.

आधी मला हे उलटे वाटले. मग जमिनीचा विचार केला. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. पावसाळ्यात पांदणीत जीप शिरायचीच नाही. शिरली तर रुतून बसायची. त्या चिखलात बैलबंड्यांची चाके खोल चाकोऱ्या पाडून जात. कार्तिक-मार्गशीर्षात त्या वाळू लागत आणि उन्हाळ्यात दगडासारख्या टणक होत. पाटा चिखलात तुटत नसे, वाळलेल्या चाकोरीवर तुटत असे.

वहीत तुटलेल्या पाट्याचा हिशेब आहे, तुटलेल्या कंबरेचा नाही. निवृत्त होताना वडिलांना जमिनीवर मांडी घालून बसता येत नव्हते. शेवटची काही वर्षे ते कंबरेला जुन्या धोतराचा पट्टा आवळून गाडीवर जात. दुरुस्तीच्या रकान्यात त्याची नोंद कुठे करणार? या लेखाचा विषय तिथून सुरू झाला. रस्त्याचा हादरा चाकातून वर येतो, तो कोणीतरी झेलावाच लागतो. तो कोणी झेलायचा, आणि किती, हे ठरवण्याचा हक्क कोणाच्या हाती होता?

आपल्याकडच्या बंडीपासून सुरुवात करू. लाकडी आख, लाकडी आरे, चाकावर लोखंडी धाव आणि तुंब्यात वंगण. तिला कमान नाही, स्प्रिंग नाही. हादरा सरळ आखातून साट्यात आणि जुवातून बैलाच्या मानेवर जाई. म्हणून बंडी हाकणारा निरुपाय होता असे मात्र नाही. तो बसायच्या जागी कडबा किंवा तुरीच्या भुसाचे पोते टाकी. ओझे मागे जास्त झाले आणि गाडी उलार होऊ लागली की स्वतः पुढे सरके. चढावर, उतारावर ओझे मागेपुढे करी. चाकोरी टणक असेल तर एक चाक चाकोरीबाहेर काढून चाले. बंडीत फिरवायला एकही खिट्टी नव्हती, पण हाकणाऱ्याला रस्त्याप्रमाणे आणि ओझ्याप्रमाणे काहीतरी बदलण्याची मुभा होती. ही मुभा लक्षात ठेवू, पुढे तिचेच काम आहे.

कमान आली ती घोडागाडीतून. 1804 मध्ये लंडनच्या ओबादाया इलियट याने लंबवर्तुळाकार कमानपाट्यांचे पेटंट घेतले आणि युरोपातल्या बग्ग्या हलक्या व सुखाच्या झाल्या. आपल्या गावोगावच्या टांग्याखाली जे पाटे दिसत, ते त्याच विद्येतले. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या ओझ्याने वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. वाकताना पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि त्या घर्षणात थोडी उसळी मरते. टांग्याच्या वेगाला तेवढे पुरे होते.

मोटार आली आणि ते पुरेनासे झाले. स्प्रिंग हादरा संपवत नाही, फक्त साठवते आणि उसळून परत देते. वेग वाढला की एका खड्ड्याची उसळी संपण्याआधी दुसरा खड्डा येतो, चाक जमीन सोडते आणि गाडी हातात राहत नाही. ही साठवलेली ताकद कुठेतरी जिरवणारा वेगळा भाग हवा होता. फ्रान्समधल्या त्रुफो याने घर्षणावर चालणारा असा भाग बनवला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेच्या एडवर्ड हार्टफर्ड याने तो बाजारात आणला. कात्रीसारखे दोन दांडे, त्यांच्या सांध्यात चकत्या आणि मधोमध एक नट. नट आवळला की सांधा कडक होई, सैल केला की मऊ. म्हणजे मोटारीच्या अगदी सुरुवातीच्या शॉक अब्सॉर्बरांपैकी हा एक जातीनेच ‘ॲडजस्टेबल’ होता.

पुढे घर्षणाची जागा तेलाने घेतली. 1927 च्या अखेरीस आलेल्या फोर्डच्या मॉडेल ए गाडीला हूडाय पद्धतीचे तेलाचे शॉक अब्सॉर्बर होते. त्यांतली झडप फिरवून ते कडक-मऊ करता येत. थंडीत तेल घट्ट होते, म्हणून ऋतूप्रमाणेही ती फिरवावी लागे. यानंतर सरळ नळीचे शॉक अब्सॉर्बर सर्वत्र झाले. स्वस्त, हलके, कारखान्यात लाखोंनी बनणारे. पण त्यांतले बहुतेक बंद नळीचे होते. आतली भोके आणि झडपा किती कडक ठेवायच्या हे कारखान्यात एकदाच ठरे. नट गेला आणि त्याबरोबर मुभाही गेली.

आपल्या जिल्ह्यात जीप आली ती या टप्प्यावर. 1940 च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने चारही चाकांना ताकद देणाऱ्या हलक्या गाडीची मागणी काढली आणि त्यातून विलिस जीप उभी राहिली. ती पाव टन वर्गातली गाडी होती. स्वातंत्र्याच्या आसपास महिंद्र कंपनी विलिसचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जीप जोडू लागली. 2 ऑक्टोबर 1952 ला सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि विकास गटाच्या अधिकाऱ्याबरोबर जीप खेड्यात पोचली. पुढे याच जिल्ह्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या आल्या. 1 मे 1962 पासून त्या कामाला लागल्या. बियाणे, लस, निवडणुकीच्या पेट्या, साहेब, सारे जीपमधून गेले. विकास खेड्यात आला तो पाट्यांवर बसून, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या जीपला पुढेमागे कमानपाटे. पाटे एका ठरावीक ओझ्यासाठी वाकवलेले असतात. गाडी रिकामी असली की ते वाकतच नाहीत आणि गाडी दगडासारखी आपटते. गच्च भरली की सपाट होतात आणि आख वर येऊन ठोकरतो. वडिलांच्या जीपमध्ये कधी एकटे साहेब असत, तर कधी लसीकरणाची सगळी माणसे व सामान. पुढच्या काळात काळी-पिवळी जीप आली, तेव्हा तर पाव टनाचा विचारच उरला नाही. मागच्या पायरीवर उभे राहिलेले आणि टपावर बसलेले धरून माणसे मोजायची आम्हाला लहानपणी हौस होती.

वडिलांनी यावर आपला उपाय काढला होता. गाडी रिकामी असली की मागे रेतीची दोन पोती टाकायची. पांदणीत शिरण्याआधी टायरमधली थोडी हवा सोडायची, सडकेला लागल्यावर हातपंपाने पुन्हा भरायची. साहेब वैतागत. वडील म्हणत, “रिकामी जीप आपटते साहेब. रेती नाही टाकली तं आपली कंबर टाका लागते.” वहीत मला हे वाक्य सापडले नाही, पण ‘रेती 2 पोते’ अशी नोंद चार ठिकाणी सापडली. बंडीवाल्याने जे कडब्याने आणि जागा बदलून केले, ते वडील रेतीने आणि हवेने करीत होते. यंत्राने काढून घेतलेली मुभा ते जमेल तशी परत मिळवत होते.

शॉक अब्सॉर्बर भारतात बनू लागले तरी हा प्रश्न सुटला नाही. 1961 मध्ये गेब्रियल इंडिया सुरू झाली, मुलुंडच्या कारखान्यातून शॉक अब्सॉर्बर बाहेर पडू लागले आणि गावातल्या गॅरेजात ‘शॉकअप’ हा शब्द रुळला. पण वडिलांच्या गाडीला जे मिळत ते बंद नळीचे. तेल गळले की काढून फेकायचे आणि मंजुरी येईपर्यंत तसेच चालायचे. तुटलेल्या पाट्याला निदान मोल होते. लोहार त्याचे विळे आणि कुऱ्हाडी करी. गळलेल्या शॉकअपचे काहीच होत नसे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो मलाही होता. शॉकअप कडक केला की गाडी जास्त ओझे उचलते असे पुष्कळांना वाटते. यवतमाळच्या एका वयस्क मिस्त्रींनी मला समजावले, “वजन पाटा उचलते. शॉकप त्याच्या नाकात वेसण घालते, बस.” याहून नेमकी व्याख्या मी वाचलेली नाही. नळीत दट्ट्या फिरतो, तेल बारीक भोकांतून आणि झडपांतून पलीकडे जाते, जाताना तापते आणि उसळीची ताकद त्या उष्णतेत जिरते. चाक वर येताना एक रोध, खाली जाताना दुसरा. दुसरा बहुधा जास्त, कारण दाबलेली स्प्रिंग उसळते ती तेव्हा. हा रोध कमी पडला की गाडी डुलते. जास्त झाला की चाक खड्ड्यात उतरतच नाही आणि हादरा सरळ सीटवर येतो.

म्हणून एकच कडकपणा सगळीकडे चालत नाही. भरलेली गाडी सडकेवर जोरात जाते तेव्हा वेसण घट्ट हवी. तीच गाडी रिकामी पांदणीत हळू चालते तेव्हा सैल हवी. ही गोष्ट नेदरलँड्सच्या कोनी या कंपनीने ओळखली. 1857 मध्ये घोड्यांच्या साजाचे सामान करणारा कारखाना म्हणून ती सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तिने नळीतला रोध बदलता येणारे शॉक अब्सॉर्बर आणले. तिच्या जुन्या पद्धतीत शॉकअप काढून, पूर्ण दाबून, दांडा फिरवावा लागे. पुढे आडरानात चालणाऱ्या गाड्यांसाठी बाहेरूनच फिरवायची बटणे आली. घोड्याचा लगाम करणाऱ्यांनीच मोटारीच्या उसळीला लगाम घातला, हा योग मला फार आवडतो.

हे सगळे कागदावरचे. प्रत्यक्ष पाहिले ते माझ्या भाच्याकडे. त्याच्याकडे एक जुनी जीप आहे. घाटंजीकडच्या शेतात जायला आणि कापसाच्या दिवसांत मजूर व गाठोडी आणायला तो ती वापरतो. गेल्या वर्षी त्याने चारही शॉकअप बदलून बटणाचे बसवले. मी आधी नाके मुरडली. हौशी पोरांचे खेळणे वाटले. तो म्हणाला, “मामा, एक चक्कर बसून तं पाहा.” सडकेवर गाडी नेहमीपेक्षा ठाम चालली. पांदणीच्या तोंडाशी तो उतरला, चारही चाकांजवळ वाकला, बटणे मागे फिरवली आणि आम्ही आत शिरलो. हादरे गेले नाहीत. पाटे तेच, चाकोऱ्या त्याच. पण प्रत्येक हादऱ्यानंतरचा तो दुसरा, आतड्यांपर्यंत जाणारा झटका गेला होता. वडिलांच्या जीपमध्ये मी लहानपणी पुष्कळदा बसलो आहे. त्या वाटेवर मी काही वेळ बोलू शकलो नाही.

उभ्या हादऱ्याने शरीराचे काय होते, हे काही गूढ राहिलेले नाही. संपूर्ण शरीराला बसणाऱ्या कंपनांचे मोजमाप कसे करावे यासाठी आयएसओ 2631 हे आंतरराष्ट्रीय मानक 1974 मध्येच प्रसिद्ध झाले. सेकंदाला साधारण चार ते आठ वेळा येणारे उभे हादरे माणसाला सर्वांत जास्त बाधतात, हे तेव्हा लिहून झाले होते. वडील त्यानंतरही कित्येक वर्षे गाडी चालवत होते.

आजही चित्र पूर्ण बदललेले नाही. टिपेश्वरच्या अभयारण्यात पर्यटकांना फिरवणाऱ्या जिप्सीला चारही चाकांना पाटेच आहेत. पर्यटक सकाळची एक फेरी करून घरी जातो. चालक तीच वाट हंगामभर रोज तुडवतो. बटणाच्या शॉकअपची किंमत साध्याच्या कितीतरी पट, त्यामुळे ते बसतात हौशी माणसाच्या गाडीला. ज्याची कंबर रोज त्या वाटेवर जाते, त्याच्या गाडीला बसत नाहीत. हार्टफर्डचा नट शंभर वर्षांपूर्वी कोणालाही पान्याने फिरवता येत होता. मुभा परत आली खरी, पण विकत.

भाच्याने परवा मला त्याचे पाठकोरे पुस्तक दाखवले. त्यात त्याने वाटांचे आकडे लिहून ठेवलेत: सडक 5, पांदण 2, कापूस भरल्यावर 7. मी त्याला आजोबांची वही दिली. ‘रेती 2 पोते’ या नोंदीपाशी तो थांबला आणि म्हणाला, “मामा, हे बी सेटिंगच होय ना?”

होय, सेटिंगच. फक्त त्यातला एक रकाना कोणी छापला नव्हता.