बांधावरची रुई आणि वाटसरू फुलपाखरे

पावसाळा ओसरू लागला की शेताच्या बांधांवर आणि अंगणातील फुलझाडांवर फुलपाखरांची वर्दळ वाढते. त्यांतील काही फुलपाखरे त्या परिसरातील कायमची रहिवासी नसून लांबच्या प्रवासातील वाटसरू असतात, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही.

ब्लू टायगर, डार्क ब्लू टायगर व कॉमन क्रो ही फुलपाखरे दक्षिण भारतात मोसमी पावसापूर्वी पश्चिम घाटातून पूर्वेकडील मैदानांकडे जातात आणि पावसाळ्यानंतर घाटाकडे परततात. फिकट पिवळसर-हिरवट ‘एमिग्रंट’ फुलपाखरांना तर स्थलांतरावरूनच नाव मिळाले आहे.

प्रवासातील फुलपाखरू ओळखणे अवघड नाही. अनेक फुलपाखरे एकाच दिशेने, सरळ रेषेत उडत असतील आणि घर किंवा झाड आडवे आल्यास वरून ओलांडून जात असतील, तर ते स्थलांतर समजावे. सायंकाळी ती आडोशाच्या फांद्यांवर घोळक्याने विसावतात. सकाळी पंख पसरून ऊन घेतल्यावर उड्डाणाचे स्नायू तापतात आणि मगच ती निघतात. त्यामुळे निरीक्षणासाठी सकाळची वेळ उत्तम. फांदी हलवू नये. जात, संख्या, दिशा व तारीख टिपून ठेवावी.

या पाहुण्यांना अन्न व आसरा देणाऱ्या वनस्पती आपण ‘तण’ किंवा ‘झुडूप’ म्हणून काढून टाकतो. तरवड, टाकळा व बहावा यांवर एमिग्रंटच्या अळ्या वाढतात; कण्हेरीवर कॉमन क्रोच्या. खुळखुळ्याच्या वाळक्या भागांतून ब्लू टायगरचे नर विशिष्ट द्रव्ये शोषतात. मादीला आकर्षून घेणारा गंध त्यांपासून तयार होतो. रुईवर वाढणारा प्लेन टायगर तर अमेरिकेतून मेक्सिकोच्या जंगलांत हिवाळा काढण्यास जाणाऱ्या विख्यात मोनार्कच्याच प्रजातीतील, म्हणजे भाऊबंदच होय.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे ते देशातील पहिले राज्य. मात्र फुलपाखरांचे खरे भवितव्य ठरते ते गावच्या बांधावर. जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटीसारख्या शेतीप्रधान गावांत बांधाचा एखादा कोपरा तणनाशकाविना राखला, कुंपणालगत तरवड व रुई राहू दिली, तरी वाटसरूंचा मुक्काम टिकेल. शहरातील वाचकांना गच्चीवरील कुंडीतही कण्हेर लावता येईल. तिचा चीक विषारी असल्याने मुलांपासून ती दूर ठेवावी, इतकेच.